काजळीआधीची पोथी

सकाळी पेज शिजत असतानाच चिरुताने नवऱ्याची पोथी चुलीत घातली.

“कोरी पानं वाटली मला,” ती म्हणाली. “चुलीपाशी कशाला ठेवलीत?”

“काजळी तूच चोळतेस ना? म्हणून तुझ्या हाताशी ठेवली,” चात्तू आशान म्हणाला. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरं काजळी चोळल्याशिवाय दिसत नाहीत. चुलीच्या धुरात तर मुळीच नाहीत.

संध्याकाळी देवळात पंडितांपुढे तो हे काव्य पहिल्यांदा वाचणार होता. संस्कृत सोडून घरच्या मलयाळम बोलीत त्याने सीतेची कथा रचली होती. “चुलीपुढच्या भाषेत कुठे काव्य होतं?” म्हणून पंडित आधीच हसले होते. आणि आता म्हातारपणी त्याला कालचा श्लोक आज आठवत नसे.

तो राखेकडे बघत बसला. चिरुता भात कांडायला उठली आणि मुसळाच्या ठेक्यावर त्याच काव्याच्या पहिल्या ओळी म्हणू लागली. त्याची संस्कृत काव्यं तिच्या डोक्यावरून गेली होती. हे मात्र तिच्याच बोलीतलं, रचताना तो मोठ्याने म्हणायचा तेव्हा ऐकून ऐकून पाठ झालेलं.

आशानने नवं पान ओढलं. ती सांगत गेली, तो कोरत गेला. दिवेलागणीला सीता नदीकाठी रथातून उतरली आणि चिरुता थांबली.

“पुढे?”

“पुढचं मला ऐकवत नसे हो. मी उठून गोठ्यात जायचे.”

देवळात शंख वाजला. आशानची लेखणी पानावर टेकलेलीच होती.