तीच कॉर्ड

"आई एकटी आहे, रोज एकदा तिचं दार वाजवत जा," असं नाबरकाकूंच्या मुलीने परदेशी परतताना बजावलं, तेव्हा ऋजुता हसली होती. "अगं, भिंतीपलीकडून त्यांचा कीबोर्ड ऐकू येतो ना!"

सत्तरीतल्या काकू सिनेमातली गाणी शिकत आणि ऋजुतालाही शिकवत. "चार कॉर्ड आल्या की निम्मी गाणी आली, बाई! डाव्या हाताने एकदा कॉर्ड, म्हणजे तीन सूर एकदम, दाबायची. मग हात काढला तरी तीच कॉर्ड, तोच ताल चालूच. नवऱ्यापेक्षा इमानी!"

आज ऋजुता आपल्या बाळाला भरवत असताना पलीकडे ताल सुरू होता. वाटी संपली, तोंड पुसून झालं, तरी कॉर्ड बदलेना. काकू अशा एकाच कॉर्डवर कधी रेंगाळत नसत. बाळाला कडेवर घेऊन ऋजुताने काकूंनी ठेवायला दिलेली किल्ली उचलली आणि त्यांचं दार उघडलं.

काकू स्टुलाशेजारी पडल्या होत्या. डोळे उघडे होते, पण बोलता येत नव्हतं. वर ताल जोशात चालला होता.

ऋजुता अजून दवाखान्याच्या बाकावर आहे. आवाज येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, एवढंच तिचं सांगणं आहे. शेजारी कुणी एकटं असेल, तर आत्ता उठा आणि दार वाजवून या.