निघणार नऊ, पोचणार एक

तीन वाजले तशी एसटीच्या निवृत्त नियंत्रकाच्या तोंडचं पाणी पळालं.

पोरीचं विमान सकाळी नऊला सुटलं होतं. तिकिटावर स्वच्छ छापलेलं: निघणार नऊ, पोचणार एक. म्हणजे चार तास. बस डेपोत चौतीस वर्षं गाड्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस. एवढी वजाबाकी त्याला झोपेतही आली असती. पोरीने तिकडच्या नोकरीचं विचारलं तेव्हा ह्याच वजाबाकीवर तो हो म्हणाला होता. चार तास म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर!

डेपोत गाडीला अर्धा तास उशीर झाला तर टायर, तास झाला तर इंजीन. दोन तास झाले की तो खुर्चीतून उठायचा, कारण मग बातमीच यायची.

आता दोन तास झाले होते.

पोरीचा फोन बंद. सात वेळा लावला, सातही वेळा बंद. बायको स्वयंपाकघरात फळीवरचे सगळे डबे काढून घासत बसली होती. तिला सांगायची सोय नव्हती, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. 'मन चिंती ते वैरी न चिंती,' असं स्वतःला बजावत तो न्हाणीघरात शिरला, कडी लावली, आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि विमानतळाच्या चौकशीचा नंबर फिरवला.

"सकाळचं नऊचं विमान," तो कुजबुजला. "पोचायची वेळ टळून दोन तास झाले. खरं काय ते सांगा. मी डेपोत होतो, मला ऐकायची सवय आहे."

सवय कसली डोंबलाची! बोलता बोलता त्याने नळ आणखी मोठा सोडला.

पलीकडच्या मुलीने विमानाचा नंबर विचारला आणि संगणकावर शोधू लागली. तेवढ्यात त्याने देवाला काय काय कबूल केलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"काका, विमान अगदी वेळेवर आहे," ती म्हणाली. "बारा हजार किलोमीटर जायचंय, चौदा तास लागतात. एकची वेळ आहे ती तिकडच्या घड्याळाची. तिकडचं घड्याळ जवळजवळ दहा तास मागे असतं."

जीव भांड्यात पडला. तो तसाच ओल्या फरशीवर बसला. मग हळूहळू आकडा डोक्यात शिरला, तसा ताडकन उठून बाहेर आला.

"अगं, चार नाही, चौदा तास! बारा हजार किलोमीटर!"

"ठाऊक आहे," बायको मान वर न करता म्हणाली. "चौदा म्हटलं असतं, तर तुम्ही तिला जाऊ दिलं असतंत?"

"आणि मी इथे दोन तास मरणाच्या दारात! तू आपली खुशाल बसलीयेस!"

तिने वर पाहिलं. डोळे लालभडक झाले होते.

"तुमचे दोनच तास होते, सुटलात," ती म्हणाली. "माझे अजून आठ उरलेत."