थोरल्याच्या मांडीवर

शेलूबाजारच्या चौकात जीप थांबली, कारण रामकिसनला उतरायचं होतं.

सकाळी अनसिंगहून निघाल्यापासून वडिलांचा अस्थिकलश त्याच्या मांडीवर होता. लाल फडक्यानं तोंड बांधलेलं लहानसं मडकं. कौंडण्यपूरला नदीत सोडेपर्यंत ते कुठंही टेकवायचं नव्हतं. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आबांना रोज उचलून न्हाणीत नेलं ते धाकट्या देवमननं. पण थोरला म्हणून कारंज्याहून येऊन अग्नी दिला रामकिसननं, आणि कलशही त्याच्याच हाती. देवमन जीप चालवत होता. रस्त्यापेक्षा त्याचं लक्ष भावाच्या मांडीवर जास्त.

“लघवीले जाऊन येतो. आत्याबाई, धरा जराक.”

मागच्या सीटवर कस्तुराआत्यानं हात आखडून घेतले. “मी कायले धरू? दुसरा लेक हाये नं समोर!”

रामकिसन घुटमळला. मग मडकं देवमनच्या हाती देऊन लगबगीनं गेला.

देवमन खाली उतरला. मडकं फारच हलकं होतं. शेवटी शेवटी आबाही हलके झाले होते, पण इतके नव्हे.

टपरीवरच्या चहावाल्यानं ओले हात पुसून नमस्कार केला. “वडील काय? थोरले का तुमी?”

“हाव,” देवमन म्हणाला.

आत्यानं ऐकलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

रामकिसन हात धुऊन परतला. “आन इकडं.”

“आता मी धरतो. तू चालव गाडी.”

“मले कुठं येते गाडी?”

“मंग शिका लागत होती.”

“देवमन, लोकं पाहून राह्यले. थोरल्याचा मान हाये तो.”

“मानच घे तू! उचलाच्या वक्ती कुठं होता?”

रामकिसनचे हात मात्र तसेच पुढं होते. देवमननं मडकं छातीशी आणखी आवळलं. आत हाडांचे तुकडे किणकिणले. मागून ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

“अरे, पोचाचं हाये नं!” आत्या ओरडली.

रामकिसन सीटवर बसला. देवमननं दारातून वाकून मडकं पुढं केलं. भावानं ते काठाला धरून ओढलं, तसा देवमननं त्याचा हात झटकला.

“असं नाई. एक हात खालून दे. आबाची पाठ दुखते.”