झेंडूखालचा दिवा

खंडेनवमीच्या सकाळी नगरपालिकेची रुग्णवाहिका चौकात अडकली आणि पुढची एकही गाडी हलेना. आत कुमुदिनीच्या वडिलांचा श्वास घरघरत होता.

"अहो, हॉर्न तरी वाजवा!" कुमुदिनी ओरडली.

"या गाड्यांना हॉर्न कळत नाही, ताई," चालक मुलाणी म्हणाले. "त्या स्वतःच चालतात, आत चालवायला माणूसच नाही. आपल्या टपावरचा निळा दिवा दिसला की गाड्या आपोआप बाजूला होतात, तसा नियमच केलाय. आणि दिवा तर मघापासून चालू आहे!"

कुमुदिनी उतरली आणि बॉनेटवर चढून टपाकडे वाकली. दिवा झेंडूच्या जाडजूड हारांत पुरता बुडाला होता. काचेवर हळदकुंकवाची बोटंही ओढलेली.

"काढू नका, ताई! नगराध्यक्षांनी स्वतः घातलेत. संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही म्हणून बजावलंय."

तिने हार ओरबाडून काढले, ओढणीने काच खसाखसा पुसली. क्षणात रस्ता मोकळा झाला.

रुग्णालयाच्या दारात नगराध्यक्ष दुसऱ्या रुग्णवाहिकेच्या दिव्याला हार घालत होते, फोटोग्राफरकडे बघून हसत. डॉक्टरांनी वडिलांची नाडी पाहिली आणि "उशीर झाला" म्हणत मान हलवली.

कुमुदिनीने चुरगळलेले हार नगराध्यक्षांच्या हातात कोंबले.

"घ्या. आता माझ्या बाबांना घाला. आणि हसा, फोटो काढतायत."