निळा ठिपका

"आडनाव आधी," पहिले ग्रंथपाल चौथ्यांदा म्हणाले.

"आमच्याकडे नाव आधी. पाळण्यातल्या बाळाला कुणी आडनावाने हाक मारत नाही," दुसऱ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"तुम्हाला मारत असतील. तेव्हापासूनच कडक दिसता."

पाच ग्रंथालयांचे पाच ग्रंथपाल सकाळपासून लांब टेबलाभोवती बसले होते. पाचांच्या संगणकांत पुस्तकांच्या नोंदी पाच तऱ्हांनी भरलेल्या. त्या सगळ्यांना एकदम विचारता येईल अशी प्रश्नाची एकच रीत आज ठरवायची होती. रकान्यांची नावं कोणती, स्वल्पविराम कुठे, दोन अटी जोडायच्या कशा. खरडायला मध्ये जाड, पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला होता. प्रत्येकीच्या तळाशी एक गोल भोक. रीत ठरली की त्याच रीतीने पहिली यादी निघणार होती, जादा प्रतींची. त्या प्रती सोमवारी रद्दीत जाणार होत्या.

टेबलाच्या टोकाला निवृत्त नोंदबाई पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण ज्या बाईने या इमारतीत चाळीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली, तिला उठा म्हणणार कोण?

चहा आला तेव्हा प्रोग्रामर खुर्ची सरकवत त्यांच्याजवळ आला. त्याचे केसही कानशिलांवर पिकले होते.

"बोला बाई. तुम्हाला काय विचारायचंय या पाचांना?"

"पुलापलीकडचं वाचनालय बंद झालं, तेव्हा त्याची अकराशे चाळीस पुस्तकं या पाच ठिकाणी ठेवायला दिली होती. ताईचं वाचनालय ते, माझ्या थोरल्या बहिणीचं. आता पुन्हा खोली मिळाली आहे. इथले मोठे साहेब म्हणाले, यादी आणा आणि आपली पुस्तकं घेऊन जा. यादी नसेल तर ती जादा प्रतींतच जाणार. ताई सकाळपासून तिथे फडताळं पुसत बसली आहे. या वयात."

"मग सोपं आहे की. शेऱ्यात काय लिहिलं होतंत? देणगी? जुना साठा?"

"लिहिलं नव्हतं काही. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने ठिपका दिला होता. पाचही ठिकाणी मी स्वतः जाऊन."

"नुसता ठिपका? लिहायचं नाही का चार शब्द?"

बाई जरा ओशाळल्या. "वाचनालय सहा महिन्यांत उघडणार होतं. लिहिलं की कायमचं होतं. ठिपका खोडता येतो."

प्रोग्रामरने कप बाजूला ठेवला.

"कार्डं असतील ना कुठेतरी?" बाईंनी विचारलं.

"नोंदी टाइप झाल्या आणि कार्डं रद्दीत गेली, बाई. पण टाइप करताना एखाद्याने ठिपक्याची दखल घेतलीही असेल. बघू या विचारून."

त्याने गठ्ठ्यातली एक चिठ्ठी ओढली, तिच्यावर नव्या रीतीने लिहिलं: शेरा = "निळा ठिपका". मग तेच संगणकात भरलं. पाचही ग्रंथपाल कप हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले.

पडद्यावर पाच ओळी उमटल्या. शून्य. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

"कुणाच्याच संगणकाने चूक नाही दाखवली?" पहिले ग्रंथपाल पुढे झुकले.

"एकाच्याही नाही. पाचांनी प्रश्न ओळखला, पाचांनी एकच उत्तर दिलं."

"सकाळपासून पहिल्यांदाच," दुसऱ्या ग्रंथपालबाई म्हणाल्या. "म्हणजे जमली की रीत. आडनावाचं काय ते जेवणानंतर बघू."

कुणीतरी टेबलावर थाप मारली. एकाने खिडकी उघडली. सगळे एकदम मोकळेपणाने बोलू लागले. दुसऱ्या बाईंनी जाता जाता नोंदबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचा पायगुण चांगला हं, बाई."

प्रोग्रामर मान खाली घालून तारा गुंडाळत होता. "ठेवा ही," तो हळूच म्हणाला आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे सरकवली. "पुढे कधी विचारायचं झालं तर असंच विचारायचं."

बाईंनी चिठ्ठी उलटली. मागे एका पुस्तकाची नोंद होती. त्यांचंच अक्षर, किंचित उजवीकडे कललेलं, शाई तपकिरी पडलेली. उजव्या कोपऱ्यात ठिपका होता. कुणीही न खोडलेला.

टेबलावर तशाच चिठ्ठ्या पसरल्या होत्या. काहींवर स्वल्पविराम गिरवले होते, काहींवर कपांची ओली वर्तुळं होती.

"बाई, ती चिठ्ठी द्या जरा," पहिले ग्रंथपाल हात पुढे करून म्हणाले. "इतिवृत्तात उतरवायची आहे."

कुठली बाजू सुलटी, ते बाईंना क्षणभर कळेना. मग प्रश्न वर आणि ठिपका खाली धरून त्यांनी ती दिली.