पलंगाजवळचा तास

"नावघाटावर दोघं बुडतायत," मृत्युंजय सर म्हणाले. "एक सर्जन, एक तुमची आई. हात एकालाच देता येतो. कोणाला द्याल?"

अर्धांगानं सरांचा उजवा भाग गेला होता. आवाज मात्र नांदेडच्या कॉलेजात घुमायचा तसाच होता. पलंगाजवळ अक्षरा आणि आदर्श वह्या उघडून बसले होते. परिणाम पाहणारा सर्जनला ओढील, तो पुढं कितीतरी जीव वाचवतो म्हणून. कर्तव्य मानणारा म्हणेल, माणसाची किंमत करू नका. सद्गुणवादी विचारील, अशा वेळी भला माणूस काय करतो? सरांनी तिन्ही बाजू लखलखीत मांडल्या.

"आणि काळजीची नीती, सर?" अक्षरानं विचारलं. "जो आपल्यावर अवलंबून आहे, त्याचा हात आधी धरायचा, असं ती म्हणते ना?"

सर हसले. "पोरी, वासरू हंबरलं की गाय येते. त्यात विचार कुठं आला? आणि विचार नाही तिथं नीती नाही. तो बायकांचा स्वभाव आहे, सिद्धांत नव्हे."

आदर्श मोठ्यानं हसला.

दाराबाहेर सरांच्या पत्नी, चांगुणाबाई, तूरडाळ निवडत होत्या. सुपातला हात थांबला.

थोड्या वेळानं सरांची अंगठी पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजली. ही नवराबायकोतली खूण होती. ती ऐकली की चांगुणाबाई आत यायच्या, मालिशची वेळ झाली म्हणून आल्यागेल्याला बाहेर बसवायच्या, आणि दार लावून सरांचे ओले कपडे बदलायच्या. आजवर कोणाला काही कळलं नव्हतं.

अंगठी पुन्हा वाजली. चांगुणाबाईंनी डाळीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"काकू, सर बोलावतायत वाटतं," अक्षरा आतून म्हणाली.

"न्हाई गं. शिकवून राहिले ते. ऐका."

अंगठी वाजत राहिली. सर कर्तव्याकडून परिणामाकडं वळले आणि वाक्याच्या मधेच थांबले. पांढऱ्या चादरीवर ओल पसरत गेली. वास सुटला. आदर्शनं खुर्ची मागं घेतली. अक्षरानं वहीतून नजर वर केली नाही.

"चांगुणा," सर म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

चांगुणाबाई सूप घेऊन दारात उभ्या राहिल्या. आधी चादरीकडं पाहिलं, मग पोरांकडं.

"काय पायजे?"

"मुलांना जरा बाहेर..."

"बसू द्या की. शिकाया आलीत लेकरं." सूप त्यांनी खाली ठेवलं नाही. "तुम्ही हंबरा."

सरांनी अक्षराकडं पाहिलं. आदर्शकडं पाहिलं. मग डोळे मिटून त्यांनी तोंड उघडलं.