कोंडाजी तांडेलांचं गलबत

"दावं," नवीन म्हणाला.

कोंडाजींनी बोट ठेवलेला दोर गलबताच्या शिडाचा होता. हातभर लांबीचं ते लाकडी गलबत त्यांनी स्वतः घडवलेलं, आणि शेलूच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या जागी मांडलेलं. त्यावर दोरच दोर, बघणाऱ्याने गुंतून पडावं इतके.

"आन् ह्यो?"

"कासरा असंल," नवीनने ठोकून दिलं.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "सुप्रिया, च्या ठेव गं! आन् लाडवांचा डबा काढ."

नवीनला लाडू गिळवेना. कडावला गोठाभर म्हशी, दुधाचा स्वतःचा टेंपो, गावात चांगलं नाव. असा माणूस मुलीचा हात मागायला येतो आणि त्याला दोरांची नावं विचारून हसतात!

"तुझ्या बाबांनी माझा पार पोपट केला," जिना उतरताना तो सुप्रियाला म्हणाला.

"अरे, जो येतो त्याला ते गलबतासमोर उभं करतात. अर्धं आयुष्य गेलंय त्यांचं समुद्रावर. मागे बोटीवर नोकरी करणारा एक मुलगा आला होता. त्याने सगळं घडाघडा सांगितलं."

"मग?"

"त्यालाही नाहीच म्हणाले. कारण विचारलं तर तोंड उघडत नाहीत."

बोटीवरच्या माणसाला नापास करणारा परीक्षक म्हशीवाल्याला कुठला पास करणार? आणि सुप्रियाने तर आधीच सांगून टाकलं होतं, आई गेल्यावर बाबांनी एकट्याने वाढवलंय मला, त्यांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. म्हणजे सुप्रिया हवी तर ते गलबत पाठ करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

त्याने मोबाइलवर व्हिडिओ शोधले. डोलकाठी ही सोपी. शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ते परबाण. काही दोर नुसते डोलकाठीला धरून ठेवायला, ते कधी हलवायचे नाहीत. काही शीड चढवायला-उतरवायला. शिडाचं खालचं टोक वाऱ्याप्रमाणे ज्या दोराने ओढायचं किंवा सैल सोडायचं, ती दामण. इकडचं ध्यानात ठेवावं तर तिकडचं निसटायचं. वैताग नुसता! धार काढताना तो पुटपुटत बसायचा आणि बादली कलंडायची.

"म्हशीला काय सांगतंस रं?" त्याची आई, बायजा, कातावली. "ती काय व्हडी हाय? दूध आटंल तिचं!"

दुसऱ्या खेपेला निम्मं बरोबर आलं. म्हातारा या वेळी हसला नाही. चहा आला, लाडू नाही.

"कुठं शिकलास?"

"मोबाइलवर, काका. आवड लागली."

"हं." कोंडाजी खिडकीबाहेर नव्या इमारतींकडे बघत राहिले. निरोप घेतला तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही.

निम्मं चुकलं म्हणून एवढा राग! नवीन चरफडतच घरी आला. त्या दिवसापासून त्याने स्वतःला जुंपून घेतलं. गोठ्यात बांबू रोवून, त्याला आईचं जुनं लुगडं बांधून त्याने दोर ओढून पाहिले. गाव हसलं तर हसलं. कर्जतला दूध घालताना टेंपोत एकटाच मोठमोठ्याने बोलायचा. सुप्रियाने फोन केला तरी तो तिला परबाणच ऐकवायचा. शेवटी तीही चिडली. "लग्न माझ्याशी करायचंय की गलबताशी?"

तिसऱ्या खेपेला तो तयारीनिशीच गेला. म्हाताऱ्याने बोट ठेवायचा अवकाश, नवीन लगेच त्या दोराचं नाव सांगायचा आणि कामही. वारा मागून असला तर दामण कशी सोडायची, वादळात शीड कधी उतरवायचं, सगळं. एकही चूक नाही. स्वयंपाकघराच्या दारात सुप्रियाचे डोळे चमकले. नवीनला चेव आला. कुठे थांबावं हे त्याला उमगलं नाही.

"काका, खरं सांगू? मला लहानपणापासून दर्यावर जायचं वेड आहे. म्हशी काय, आज आहेत, उद्या विकता येतील."

हे साफ खोटं होतं. अलिबागच्या बोटीतही त्याला मळमळायचं.

कोंडाजींनी गलबतावरचं बोट काढून घेतलं.

"समदं बरोबर हाय," ते म्हणाले.

"मग काका... आमच्या लग्नाचं?"

"नाय."

"नाय?" नवीनचा आवाज चढला. इतक्या दिवसांचा सगळा राग एकदम वर आला. "माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा!"

"कुठंच नाय चुकलं." कोंडाजींनी सुप्रियाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "हिची आय गेली तवा मी मस्कतच्या धक्क्याव शीड शिवत व्हतो. मला कळलं तवा तिचं दिवसपानीबी उरकलं व्हतं. दर्याचं वेड असलेल्याच्या घरात मी पोर देनार नाय."

"पण बाबा," सुप्रिया कशीबशी म्हणाली, "पहिल्या दिवशी याला एक अक्षरही येत नव्हतं!"

"म्हनून तर," कोंडाजी म्हणाले, "दुसऱ्याच दिवशी मी कर्जतला जाऊन लग्नाचा हॉल बघून आलतो."